वैशाखातले घड

माझ्या हातून एका म्हाताऱ्या माणसाचा वर्षाचा द्राक्षाचा माल गेला. ही गोष्ट आमच्या रेणापूर तालुक्यात झाली असती तर मालकाने दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर चार शिव्या दिल्या असत्या. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि तिथंच मिटलं असतं. पण ती झाली स्वित्झर्लंडात, आणि तिथं मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. म्हणून ती अजून मिटली नाही.

मला तोंडाने सांगता येत नाही. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिता येतं, म्हणून इथं लिहिते.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा एका शेतकऱ्याने नवीनच द्राक्षाची बाग लावली होती. तिथं मी अठरा वर्षं रोजाने गेले. आमची दहा-बारा बायकांची टोळी होती आणि तिच्यावर एक मुकादमीण. ती सगळ्यांना टोपणनावं ठेवायची. मला ती मुकी म्हणायची.

"ह्या मुकीकडं बघा," ती नव्या बायकांना सांगायची. "तोंडात जीभ न्हाई, पर हात कसे चालून राहिले! तुमची तोंडं चालतात, हात न्हाईत."

मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं. हाताचं कौतुक झालेलं मला तेवढंच आठवतं.

आमच्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. माल निघाला की चैत्रात वेल पार खरडून काढायचा. त्यानंतर फुटणारी फूट नुसती काडी तयार व्हावी म्हणून असते, तिच्यावर माल धरायचा नसतो. दसऱ्याच्या सुमाराला दुसरी छाटणी. तिच्यानंतर येतात ते घड खरे, ते होळीच्या मागेपुढे उतरतात. पण मधे वैशाखातही त्या कोवळ्या फुटीवर कुठं कुठं घड दिसतात. हिरव्या मोहरीएवढे मणी, बोटाएवढा घड. ते बोटांनी खुडून टाकायचे. नाहीतर ते काडीचं बळ खातात.

पहिल्या वर्षी मला ते खुडवत नव्हते. मी दोन-तीन घड तसेच ठेवले. मुकादमीण मागून आली.

"हे काय? पाहुणे हाईत का हे तुझे? हे राखलेस तर दिवाळीला मालकाला काय दाखवशील, पानं?"

सगळ्या बायका हसल्या. त्यानंतर मी कधी घड ठेवला नाही. पुढे पुढे बघावंही लागत नव्हतं. पानाखाली हात गेला की बोटं आपोआप घड शोधायची, आणि फुटीला ओरखडाही न पडता तो खाली यायचा.

माझे मालक, म्हणजे नवरा, दारूने गेले. मुलगी तेव्हा नववीत होती. एवढंच लिहिते. ती हुशार निघाली. मी तिला कधी बागेत येऊ दिलं नाही, शाळेतच ठेवलं. नांदेडला राहून औषधाचं शिक्षण घेतलं, तिथंच तिचं लग्न झालं. जावई नांदेडचेच, शांत स्वभावाचे. त्यांना तिकडे डोंगरातल्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं गेले. दोन वर्षांनी तिचा फोन आला.

"माय, मला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणतात ना? माहेरच इकडं घेऊन ये."

तीन महिन्यांचा परवाना मिळाला. मी आधी नांदेडला विहीणबाईंकडे दोन दिवस राहिले. त्यांनी मेथीचे लाडू बांधून दिले आणि मला समजावलं, "तिकडं कुणी काही बोललं तर नुसतं हसा. न हसता गप बसलात तर लोकांना राग आल्यासारखं वाटतं." त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या.

चैत्रात मी तिथं पोचले. मला वाटलं होतं बर्फ असेल, हिरवळ असेल. बर्फ होता, पण लांब शेंड्यांवर. खाली दरीत सगळं कोरडं. पाऊस तिथंही कमीच पडतो, आमच्यासारखा. डोंगराच्या उताराला दगडावर दगड रचून बांध घातलेले, चुना नाही की सिमेंट नाही, आणि प्रत्येक बांधावर द्राक्षं. काही ठिकाणी उतार इतका उभा की खालच्या बांधावर उभं राहिलं तर वरच्या बांधाची माती तोंडासमोर येते. मांडव नाही, फार तारा नाहीत. प्रत्येक वेल आपल्या काठीला बांधलेला, गुडघाभर उंच. पाणी वरून बर्फातून पाटाने आणलेलं, कड्याच्या पोटातून, लाकडी पन्हळीतून, मैलन्‌मैल. गावातल्या लोकांना पाण्याच्या पाळ्या ठरवून दिलेल्या. जावयांनी हे सांगितलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मुलगी राहायची ते घर एका म्हाताऱ्याचं होतं. तो खाली एकटा राहायचा, वर हे दोघं. घराच्या मागेच त्याचे द्राक्षाचे तीन बांध होते. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्याला टोपी, उजवा गुडघा अगदी गेलेला. जिना चढताना एक पाय ओढत चढायचा. मी रोज सकाळी खिडकीतून त्याला बघायची. वेलीजवळ स्टूल टाकून बसायचा आणि बसल्या बसल्या फुटी काठीला बांधायचा. बांधायला सुतळी नाही, भिजवलेलं गव्हाच्या काडासारखं काहीतरी. एका सकाळी मी खाली गेले, त्याच्या हातातलं काड मागितलं आणि बांधून दाखवलं. आमची गाठ वेगळी असते, सैल, म्हणजे काडी जाड झाली तरी कापत नाही. त्याने ती गाठ सोडली, पुन्हा बांधायला लावली, मग स्वतः बांधून बघितली. दोघांनाही हसू आलं. एक शब्द न बोलता आम्ही अर्धा बांध बांधला. माझ्या आयुष्यात परक्या माणसाबरोबर मी इतकी मोकळी कधी झाले नव्हते.

नात झाली. आठ दिवसांनी म्हातारा वर आला, बाळाच्या पायाशी विणलेले मोजे ठेवले, आणि एक बाटली काढून सगळ्यांना छोट्या पेल्यांत दारू ओतली. त्याच्याच बांधावरची. एक पेला माझ्यापुढे सरकवला. मला माहीत होतं की तिथली द्राक्षं दारूसाठी असतात. पण पेला समोर आला, वास आला आणि मला काय झालं कळलं नाही. मी पदर तोंडाला लावला, पेला लांब सारला आणि उठून आतल्या खोलीत गेले. आपल्यात रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं, दारू न पिण्याचं, मी कधी मोडलं नाही, पण तेवढंच कारण नव्हतं. मुलीने त्याला काहीतरी सांगून वेळ निभावली.

रात्री मुलगी म्हणाली, "माय, ते बिचारे खुशीने घेऊन आले होते. गुडघ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं पुढच्या आठवड्यात. मुलं शहरात असतात. त्यांचं म्हणणं आहे बांध आता दुसऱ्याला देऊन टाका. पण म्हातारबाबा म्हणतात, एवढं एक वर्ष माझ्या हाताने माल काढतो, मग देतो."

"येईल की माल," मी म्हणाले. "वेल चांगले हाईत त्येंचे."

म्हातारा दवाखान्यात गेला. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती, म्हणजे भर वैशाख. उन्हाने फूट झपाट्याने वाढली. मी खिडकीतून बघायची तर वेल नुसते मोकाट सुटलेले. बांधायला कुणी नाही, बघायला कुणी नाही. आणि पानांच्या आड घड. एका फुटीला दोन दोन, कुठं तीन.

मला राहवेना. मनात आलं, या माणसाचं शेवटचं वर्ष, आणि असे घड राहिले तर काडी बारीक होणार, पुढे माल काय येणार? गुडघा घेऊन बिचारा किती वाकणार? त्या दिवशी मी त्याचा पेला लांब सारला होता, ते मनाला लागलेलं होतंच. तोंडाने माफी मागणं मला जमणार नव्हतं. हाताने जमणार होतं.

मुलगी आणि बाळ सकाळी झोपलेले असायचे, जावई कामाला. पाच दिवस मी रोज सकाळी खाली गेले. तीनही बांध केले. फुटी बांधल्या, आणि एकूण एक घड खुडून टाकला. कुणाला विचारलं नाही. अठरा वर्षांत मालकाला न विचारता मी कधी छाटणीची सिकेटर उचलली नव्हती, आणि इथं परक्या मुलखात कुणाला न विचारता दुसऱ्याच्या बागेत उतरले. मुलीला मुद्दामच सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारा घरी येऊन बघेल आणि खूश होईल. मुकादमीणसुद्धा मला आठवली. तिने बघितलं असतं तर नाव ठेवायला जागा नव्हती.

तो कुबड्या घेऊन परत आला तेव्हा मी खिडकीतच उभी होते. घरात न जाता तो आधी मागे गेला. पहिल्या वेलीजवळ थांबला. एक फूट उलटी करून बघितली, मग दुसरी. मग कुबडी जमिनीवर फिरवली. मातीवर वाळलेले घड पडले होते, ते त्याने टोकाने उचलून बघितले. त्याने टोपी काढली आणि नुसता उभा राहिला.

मुलगी बाळाला घेऊन खाली धावली. दोघं बोलले. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"माय, हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"तो त्यांचा या वर्षीचा माल होता. इथं वर्षात एकदाच छाटणी असते, हिवाळ्यात. आत्ता जे येतात तेच घड. दुसरे येत न्हाईत."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. एकदाच छाटणी! माझ्या डोक्यात असं कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं, द्राक्ष म्हटलं की दोन छाटण्या. गाईला चार पाय तसं.

"ते काय म्हणतात माहितीये?" मुलगी म्हणाली. "म्हणतात, एक पान फाटलेलं न्हाई, एक फूट मोडलेली न्हाई, फक्त घड गेलेत. ज्याला द्राक्षातलं कळत न्हाई त्याच्याकडून हे व्हायचं न्हाई. हे कळणाऱ्या हाताचं काम हाय." ती जवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. मुद्दाम केलंस? दारू होते म्हणून?"

मी बोलले नाही.

हे मी हजार वेळा आठवून बघितलंय. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की, न्हाई गं बाई, आमच्याकडं असंच करतात, मला ठाऊक नव्हतं. आठ-दहा शब्द. पण तिच्या मनात असं आलंच कसं, या धक्क्याने माझी जीभ बसली.

"बाबांचा राग तू त्या म्हाताऱ्याच्या वेलीवर काढलास," ती म्हणाली. आतून बाळ रडलं, आणि ती गेली.

त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. मला वाटलं उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. ती माझ्याशी जास्तच चांगली वागायला लागली. चहा आणून द्यायची, डोक्याला तेल लाव म्हणायची. आजारी माणसाशी वागावं तसं.

जावयांना वाटलं, घरात कोंडल्यासारखं झालंय, थोडं फिरवून आणू. दोन सुट्ट्यांत त्यांनी आम्हाला आगगाडीने नेलं. पहिल्यांदा एका मोठ्या तळ्याकाठी. तिथं पाण्यापासून वर आभाळापर्यंत द्राक्षंच द्राक्षं, बांधावर बांध.

"मामी, इथले लोक म्हणतात या वेलींना तीन उन्हं मिळतात," जावई म्हणाले. "एक वरचं, एक पाण्यात चमकून येतं ते, आणि एक तापलेल्या दगडांचं."

दोन बांधांच्या मधे एक बारीक लोखंडी रूळ वर गेलेला होता, माल उतरवायच्या गाडीसाठी. मी सगळं बघितलं, पण डोळे घडांवरच जायचे. प्रत्येक वेलीवर होते. एकानेही खुडले नव्हते. बायका फुटी तारांत खोवत होत्या आणि घडाला हात लागू देत नव्हत्या.

दुसऱ्या सुट्टीत डोंगराच्या पोटातून बोगद्याने पलीकडे गेलो. तिकडे भाषा वेगळी, हवा दमट, आणि द्राक्षाला मांडव! दगडाचे खांब, वर लाकडं, आणि सावली खाली. आमच्या बागेसारखी. मी त्या मांडवाखाली जाऊन उभी राहिले आणि वर बघितलं. घड खाली लोंबत होते, आता फुलात आलेले. बारीक वास येत होता. तसा वास मला आमच्या बागेत कार्तिकात आलेला आहे. मुलीने माझा फोटो काढला. म्हणाली, "माय, हस की जरा." विहीणबाईंची सूचना आठवून मी हसले. तो फोटो तिने घरात लावलाय.

मला तिथं तिला सांगता आलं असतं. ती एकटी होती, जावई बाळाला घेऊन लांब गेले होते. मी म्हणाले, "मांडव चांगला हाय." ती म्हणाली, "हाव, चांगला हाय." मग गाडीची वेळ झाली.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी म्हातारा वर आला. एका काठीवर चालायला लागला होता. त्याने बाटली आणली नव्हती. परडीभर जर्दाळू आणले होते. तो टेबलाशी बसला आणि माझ्याकडे बघून सावकाश बोलू लागला. मुलगी सांगत गेली. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"म्हणतात, तुमच्या घरी काय झालं ते मला मुलीने सांगितलं. मला आधी माहीत असतं तर त्या दिवशी मी पेला पुढे केला नसता. बाळ झालेल्या घरात मी तुम्हाला दुखावलं. खिडकीतून रोज तुम्हाला तीच दारूची द्राक्षं बघावी लागत होती. मला माफ करा."

माझा नवरा कशाने गेला हे मी कुणाला सांगत नाही. नांदेडच्या लोकांनाही सोयरीक जुळताना छातीचं दुखणं म्हणून सांगितलं होतं. मुलीने ते या माणसाला सांगितलं, कारण माझ्या वागण्याचं तिला दुसरं कारण सापडलं नाही. खरं कारण मी तिला दिलं नव्हतं.

आणि तो माणूस, ज्याचा शेवटचा माल मी मातीत घातला, तो माझी माफी मागत होता.

मी काय करावं? मी हात जोडले. मुलगी म्हणाली, "माय म्हणते, झालं गेलं विसरा." मी असं म्हणाले नव्हते. पण नाहीही म्हटलं नाही. म्हाताऱ्याने माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले, थोडा वेळ बघितले, आणि मग उठला. त्याची माफी मी घेतली. याच्यापेक्षा मोठं पाप माझ्या हातून झालेलं मला आठवत नाही.

घरी आल्यावर पावसाळा गेला, दसऱ्याची छाटणी झाली. फोनवर मुलीने सहज सांगितलं की म्हाताऱ्याने बांध दुसऱ्या माणसाला दिले. त्या वर्षी त्याच्या घरात नवीन बाटली आली नाही. जुन्या चार-दोन होत्या त्याही त्याने पोरांना वाटून टाकल्या, कारण वर बाळ आहे आणि बाळाची आजी पुन्हा येईल. मी विचारलं, "लई नाराज हाईत का?" ती म्हणाली, "न्हाई गं. तू आता तेच मनात धरून बसू नको. ते विसरले." तिच्या आवाजात इतकी माया होती की मी पुढे बोलू शकले नाही.

मी वाक्य तयार करून ठेवलं होतं. मुकादमीण आता म्हातारी झाली, तिच्याजवळ बसून एकदा म्हणूनही बघितलं, तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मुके, मीच शिकवलं तुला ते. मला शिव्या दे." मग म्हणाली, "पर त्या माणसाला सांग बाई. असं ठेवू नको."

परवा मुलीचा फोन आला, चित्र दिसतं तसा. नात आता चालते. तिच्या मागे स्वयंपाकघरात टोपी दिसली. तो बाळाला बघायला वर आला होता. मुलीने फोन त्याच्याकडे वळवला. म्हातारा वाळलाय. मला बघून त्याने दोन्ही हात जोडले, तिथं शिकला असेल मुलीकडून.

"बोल माय," मुलगी म्हणाली. "मी सांगते त्यांना."

वाक्य माझ्या तोंडात होतं. तुमचा माल मी रागाने नाही घालवला, माझ्या अडाणीपणाने घालवला. माझा राग नव्हता, मला तुमचं भलं करायचं होतं. एवढंच. तो वाट बघत होता, टोपी हातात घेऊन.

"गुडघा कसा हाय म्हणावं," मी म्हणाले.

मुलीने विचारलं. तो हसला, पाय वाकवून दाखवला.

"बरा आहे म्हणतात. अजून काही सांगू का? ते निघालेत आता."

"न्हाई," मी म्हणाले. "जेवून जा म्हण त्येंना."